इंग्रजी शब्द पाठ आहेत, पण वापरता येत नाहीत? या चुका टाळा

शब्दसंग्रह वाढवायचं मनावर घेतलं की बहुतेकांची सुरुवात एकाच पद्धतीने होते. नवी वही, पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. रोज दहा शब्द. वही भरत जाते, बरंही वाटतं, आणि प्रत्यक्ष बोलायची किंवा एखादा ईमेल लिहायची वेळ आली की त्यातला एकही शब्द हाताशी येत नाही. मग 'माझ्या लक्षातच राहत नाही' म्हणून वही बाजूला पडते. माझ्या मते यात स्मरणशक्तीचा दोष थोडा आणि त्या मधल्या रेघेचा जास्त असतो.

भारी शब्दांच्या मागे लागणं

'युबिक्विटस', 'गार्गँच्युअन' असे शब्द पाठ केले की प्रगती झाल्यासारखी वाटते. पण ते वाचनात कधीतरी भेटणार आणि बोलण्यात जवळजवळ नाहीच. मायकेल वेस्ट या इंग्रजी शिक्षणतज्ज्ञांनी 1953 मध्ये इंग्रजीतल्या सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या मजकुरातल्या दहा शब्दांपैकी साधारण आठ एवढ्यातच येतात. आज 'ऑक्सफर्ड 3000' सारख्या याद्या इंटरनेटवर सहज मिळतात. सुरुवात तिथूनच करावी. स्पर्धा परीक्षेसाठी अवघड शब्द लागतात हे खरं, पण तो मजला नंतरचा.

आता खरी गोम. अशी यादी हातात आली की आपण 'गेट', 'टेक', 'रन', 'सेट' यांच्यापुढे बरोबरची खूण करून पुढे सरकतो. हे तर येतात! येतात का? 'रन' म्हणजे धावणे एवढंच माहीत असेल, तर 'शी रन्स अ कंपनी' म्हणजे ती कंपनी चालवते, 'माय नोज इज रनिंग' म्हणजे नाक वाहतंय आणि 'वुई आर रनिंग आउट ऑफ टाइम' म्हणजे वेळ संपत आलाय, हे कुठून कळणार? (क्रिकेटमधल्या रनआउटचा इथे काही संबंध नाही.) ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात एकट्या 'रन' या क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ नोंदले आहेत. ते सगळे कुणालाच नको असतात. पण नेहमीचे चार-पाच, प्रत्येकी एका छोट्या वाक्यासह यायला हवेत. नवे पन्नास शब्द घोकण्यापेक्षा असे दहा जुने शब्द नीट उलगडणं जास्त कामाचं.

एका शब्दाला एकच मराठी अर्थ चिकटवणं

आपण 'परीक्षा देतो', म्हणून इंग्रजीत 'गिव्ह अॅन एक्झाम' म्हणून मोकळे होतो. आपल्याकडे ते खपूनही जातं. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस त्याचा अर्थ तुम्ही परीक्षा घेताय असा लावेल, कारण विद्यार्थ्यासाठी तिथे 'टेक अॅन एक्झाम' म्हणतात. स्वप्न आपण 'पाहतो', इंग्रजीत ते 'हॅड अ ड्रीम' असतं. दिवा आपण 'बंद' करतो, म्हणून तोंडातून 'क्लोज द लाइट' निघतं; हवं असतं 'टर्न ऑफ'. चूक 'डू' होत नाही, 'मेक' होते: 'आय मेड अ मिस्टेक'.

या प्रत्येक वाक्यातले सुटे शब्द तुम्हाला येतच होते. अडलं ते त्यांच्या जोडीपाशी. म्हणून वहीत 'मिस्टेक = चूक' असं न लिहिता 'मेक अ मिस्टेक' हा अख्खा तुकडा लिहा, 'इंटरेस्टेड'च्या पुढे त्याचा 'इन' लावूनच लिहा. क्रियापद आणि शब्दयोगी अव्यय सुटं ठेवलं की बोलताना ते मराठीतून उधार घेतलं जातं, आणि तिथेच वाक्य फसतं.

मराठीत मुरलेल्या इंग्रजी शब्दांनी तर जास्तच सावध राहावं. ते ओळखीचे वाटतात म्हणून कोशात बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. आपण जेवायला 'हॉटेलात' जातो, पण इंग्रजीत हॉटेल ही मुख्यतः मुक्कामाची जागा; नुसतं जेवायचं असेल तर ते रेस्टॉरंट. 'टेन्शन घेऊ नको' हे मराठी आहे, त्याचं इंग्रजी 'डोन्ट वरी'. आणि 'आय पास्ड आउट लास्ट इयर' असं परदेशी मुलाखतीत सांगितलंत, तर समोरच्याला वाटेल की गेल्या वर्षी तुम्ही बेशुद्ध पडला होतात. तिथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

उच्चार फक्त देवनागरीत लिहून ठेवणं

वाचकांच्या सोयीसाठी या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत आहेत, पण तुमच्या वहीत तसं करू नका. 'टेस्ट' असं लिहिलंत तर ती चाचणी की चव? 'पेन' म्हणजे लिहायचं की दुखणं? 'सेल' या दोन अक्षरांत विकणे, विक्री, पेशी, घड्याळातली बॅटरी आणि जहाजाचं शीड एवढं सगळं मावतं. यातल्या काही जोड्यांचे उच्चार इंग्रजीत खरोखर वेगळे आहेत, पण आपल्या 'ए'च्या मात्रेत तो फरक दिसत नाही. रोमन स्पेलिंग लिहा, कोशाच्या अॅपमध्ये उच्चार ऐका आणि जोर कुठल्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या कुठल्या उच्चारी तुकड्यावर, आहे तिथे खूण करा. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर असतो. 'फोटोग्राफर'मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि शब्द 'फटॉग्रफर'सारखा ऐकू येतो. लिखित शब्द ओळखीचा असूनही व्हिडिओ पाहताना कळत नाही, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

सारखे शब्द एका दिवशी उरकणं

'बॉरो' आणि 'लेंड' एकाच दिवशी पाठ केले की आयुष्यभर घोळ. मराठीत दोन्हीकडे 'उसने' आहेच, फक्त घेणे आणि देणे. विरुद्धार्थी जोड्या किंवा एकाच गटातले शब्द एकत्र पाठ केले तर ते एकमेकांत मिसळतात, असं 1990च्या दशकातल्या प्रयोगांतही दिसलं होतं. पाठ्यपुस्तकं मात्र अजून रंगांची यादी, नात्यांची यादी अशीच देतात. एक शब्द आधी पक्का करा, त्याचा जोडीदार पंधरा दिवसांनी घ्या.

'आठवड्यात विसरतो'

विसरणारच. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी 1885 मध्ये निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होतं. एका बैठकीत वीस वेळा घोकण्यापेक्षा तेवढाच वेळ चार-पाच दिवसांत वाटून द्यावा. सेबास्टियन लाइटनर या पत्रकारांनी 1970च्या दशकात लोकप्रिय केलेली खोक्यांची पद्धत यासाठी अजूनही चोख आहे. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी अशा चिठ्ठ्या करा, तीन खोके घ्या. पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने उघडायचा. शब्द आला की चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकला की थेट पहिल्यात. मोबाइलवर 'अँकी' हे अॅप साधारण हेच काम करतं.

एक पथ्य मात्र पाळा. चिठ्ठीची मराठी बाजू वर ठेवा आणि इंग्रजी आठवा. इंग्रजी वाचून अर्थ ओळखणं सोपं असतं आणि त्याने फक्त वाचन सुधारतं. 'शब्द माहीत आहे पण बोलताना सुचत नाही' ही तक्रार असणारे बहुतेक जण एकाच दिशेने सराव करत आलेले असतात. उत्तर मनात नको, मोठ्याने म्हणा, आणि सुटा शब्द नको, तुकडा म्हणा.

वाचताना प्रत्येक शब्दाला थांबणं

पानावर दर ओळीत दोन-तीन शब्द अडत असतील तर तो मजकूर सध्या तुमच्यासाठी नाही, सोपा घ्या. अधूनमधून अडत असेल तर पुढे वाचत राहा. तोच शब्द पुन्हा आला आणि पुन्हा अडला, तरच शोधा. शोधताना शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश वापरा. 1978 मध्ये निघालेल्या लाँगमनच्या अशा कोशात सगळ्या व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांतच बसवल्या होत्या. म्हणजे वर सांगितलेली यादी बऱ्यापैकी झाली की हा कोश विनासायास वाचता येतो. तोवर इंग्रजी-मराठी कोश चालेल, फक्त त्यातला पहिला अर्थ उचलून पान मिटू नका. खालची उदाहरणं वाचा.