नळाचं पाणी पिण्याआधी: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांसाठी तपासणीची रीत

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून पाणी येतं. राकसकोप मार्कंडेय नदीवर आहे, हिडकल घटप्रभेवर. खानापूरची भिस्त मलप्रभेवर, तर निपाणीची जवाहर तलाव आणि वेदगंगेवर. शुद्धीकरण केंद्रात तुरटी घालून गाळ बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि क्लोरीन देतात. तिथून निघताना पाणी बहुतेक वेळा पिण्याजोगं असतं. बिघडतं ते पुढे, आपल्या गल्लीत, आपल्या जोडणीत, आपल्या संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत. म्हणून तपासणी या शेवटच्या टप्प्यापासूनच सुरू करायला हवी.

कारण सरळ आहे. पाणी दोन-चार दिवसांआड सुटतं तेव्हा मधल्या काळात पाइप रिकामा पडतो आणि आतला दाब संपतो. पाइपला बारीक चीर असेल, सांधा सैल असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर गटारातलं पाणी त्या चिरेतून आत झिरपतं. पुन्हा पाणी सुटलं की तेच आधी आपल्या बिंदगीत (घागरीत) येतं. हुबळी-धारवाडमध्ये याचा अभ्यास झाला आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, थांबून-थांबून पाणी येणाऱ्या भागातल्या नळांच्या जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू सापडले. चोवीस तास पाणी असलेल्या भागात हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं. बेळगावातही काही भागांत 2008 पासून चोवीस तास पाण्याची योजना आहे. तुमचा भाग त्यात येत नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

पहिलं पाणी पिण्यासाठी धरू नका

पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं येणारं पाणी वेगळ्या बादलीत धरा आणि झाडांना, अंगणाला, संडासाला वापरा. मग काचेचा स्वच्छ ग्लास भरून पांढऱ्या कागदासमोर धरा. पाणी दुधाळ दिसलं आणि मिनिटाभरात तळाकडून वर निवळत गेलं, तर ती हवा आहे, काळजी नको. तांबूस दिसलं तर एकतर जुन्या लोखंडी पाइपचा गंज आहे, नाहीतर जून-जुलैतली नदीची लाल माती. काळपट रंग किंवा गटाराचा वास आला, तर ते पाणी पिऊ नका, त्याने भाजी धुऊ नका, चूळही भरू नका. थेट तक्रारीकडे वळा.

क्लोरीनचा मंद वास आला म्हणून कित्येक घरांत पाणी ओतून देतात. माझं मत उलट आहे. तो वास म्हणजे जंतू मारणारं औषध नळापर्यंत शिल्लक उरल्याची खूण आहे. रोज येणारा वास अचानक बंद झाला, तर मात्र चौकशी करा.

नळाला थेट मोटर लावू नका

हे मी अगदी कळकळीने सांगतो. पाणी कमी दाबाने येतं म्हणून गल्लीत एकाने मोटर लावली की दुसरा लावतो, मग सगळेच लावतात. मोटर पाइपमधून पाणी ओढते तेव्हा जिथे जिथे चीर आहे तिथून बाहेरची घाणही ओढली जाते. ती फक्त मोटरवाल्याच्या घरी जात नाही, शेजाऱ्याच्या तान्ह्या बाळाच्या दुधातही जाते. पाणी आपल्या दाबाने संपमध्ये पडू द्या आणि मोटर संपला लावून वर चढवा. सगळ्या गल्लीने मिळून हे ठरवलं तरच उपयोग होतो, म्हणून गल्लीतल्या पंचमंडळींसमोर हा विषय काढा.

जोडणी आणि संप

मीटरपासून मुख्य लाईनपर्यंतचा पाइप एकदा चालत जाऊन बघा. जुन्या गल्ल्यांत घराची जोडणी गटार ओलांडून, कधी गटारातूनच जाते. तिथे सांधा असेल तर प्लंबरला सांगून तो काढून टाका, बिनसांध्याचा एकसंध पाइप घाला आणि तो गटाराच्या वरून न्या. याला थोडा खर्च येतो, पण घरातल्या महागड्या फिल्टरपेक्षा तो जास्त कामाला येतो.

संपचं तोंड जमिनीपेक्षा वितभर तरी उंच हवं. झाकण घट्ट हवं, पावसाचं पाणी आत जाता कामा नये. संडासाची टाकी जवळ असेल तर संपच्या भिंतीला ओल येते का बघा. संप आणि गच्चीवरची टाकी वर्षातून निदान दोनदा धुवा, एकदा पावसाआधी आणि एकदा पावसानंतर. पाणी काढा, गाळ उपसा, भिंती घासा. मग हजार लिटरच्या टाकीला दीडशे ते दोनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर (टीसीएल) बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओता आणि टाकी भरून रात्रभर ठेवा. सकाळी ते पाणी सोडून द्या आणि दोनदा खळबळून घ्या. हे पाणी पिण्याचं नाही, घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. हातमोजे घाला आणि ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा संडास धुण्याचं द्रव कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. खोल संपमध्ये एकट्याने उतरू नका. आत हवा कोंडलेली असते, वर कुणीतरी उभं हवंच.

पिण्याचं पाणी: उकळा किंवा क्लोरीन द्या

उकळण्यासाठी वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. पाणी खळखळून उकळू लागलं की एक मिनिट पुरे. ते त्याच भांड्यात झाकून थंड करा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. उकळलेल्या पाण्यात हात बुडवला की सगळी मेहनत वाया.

उकळणं शक्य नसेल तर पिण्याच्या हजार लिटर पाण्याला ताजी ब्लीचिंग पावडर सुमारे अडीच ग्रॅम लागते. चहाचा सपाट चमचाही त्यात पुरता भरत नाही. तीही कालवून, निवळून घाला आणि अर्धा ते एक तास थांबा. घागरीसाठी औषधाच्या दुकानातल्या क्लोरीनच्या गोळ्या सोप्या, प्रमाण पाकिटावर असतं.

गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, हे पावसाळ्यात विशेष लक्षात ठेवा. मातीच्या कणांआड जंतू लपतात. दिल्लीत 1955-56 च्या हिवाळ्यात यमुनेत सांडपाणी मिसळलं. जलशुद्धीकरण केंद्राने क्लोरीन वाढवलं, त्यामुळे टायफॉइडची मोठी साथ आली नाही, पण काविळीचे विषाणू पाण्यात टिकले आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्या, स्वच्छ सुती कापडाच्या चार पदरांतून गाळा, आणि मग उकळा. घरात गरोदर बाई असेल तर पावसाळाभर फक्त उकळलेलंच द्या. ई प्रकारची कावीळ शेवटच्या तिमाहीत जिवावर बेतू शकते.

आरओ घ्यायचा का?

आरओ म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार काढणारा फिल्टर. विक्रेता टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो. तो आकडा फक्त विरघळलेल्या क्षारांचा असतो, जंतूंचा नाही. आकडा कमी असलेल्या पाण्यातही कॉलरा असू शकतो. राकसकोपचं पाणी म्हणजे सह्याद्रीच्या पावसाचं पाणी, त्यात क्षार मुळात कमीच. अशा पाण्याला गाळणी आणि यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा, फिल्टर किंवा साधं उकळणं पुरतं. आरओ मात्र कितीतरी पाणी मोरीत सोडतो.

अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या काळ्या जमिनीतल्या बोअरचं पाणी खारट, जड लागतं, तिथली गोष्ट निराळी. उसाच्या रानालगतच्या बोअरमध्ये खतातलं नायट्रेटही उतरतं. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या वरच्या दुधासाठी असं पाणी वापरू नका.

नमुना तपासून घ्या

जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणा. नळाचं तोंड पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्या, बाटलीच्या आत किंवा बुचाला बोट लावू नका. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. एक नमुना थेट नळाचा आणि एक स्वयंपाकघरातला घ्या. नळाचा चांगला आणि घरातला वाईट आला, तर दोष तुमच्या संपमध्ये आहे. खेड्यात ग्रामपंचायतीकडे तपासणी किट असतं. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना ते वापरायला शिकवण्याची तरतूद आहे, त्यांना गाठा.

अहवाल आला की भारतीय मानक आयएस 10500 शी ताडून बघा. ई. कोलाय 100 मिलिलिटरमध्ये एकही नको. जास्तीत जास्त नायट्रेट 45, फ्लोराइड 1 (पर्याय नसेल तर 1.5), टीडीएस 500 (पर्याय नसेल तर 2000), हे सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर. शिल्लक क्लोरीन निदान 0.2 हवं.

तक्रार कशी करावी

तोंडी सांगून भागत नाही. तारीख, वेळ, गल्ली, किती घरांत असं पाणी आलं, कोणाला जुलाब-उलट्या झाल्या, हे लिहा. ग्लासाचा फोटो जोडा. पाच-दहा घरांच्या सह्या घ्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. एक प्रत आरोग्य खात्याला द्या. अर्ज मराठीत देण्याचा हक्क तुम्हाला आहे. संविधानाच्या कलम 350 नुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तरीही सोबत कन्नड प्रत जोडा असंच मी सुचवेन, शेजारचे कन्नड बोलणारे लोक आनंदाने लिहून देतात. गळती शोधणाऱ्या कर्मचाऱ्यापर्यंत मजकूर लवकर पोचणं जास्त मोलाचं.

तोवर कुणाला जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ घाला. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा मूल निपचित पडलं तर घरी थांबू नका.

दुरुस्ती झाल्यावर पहिल्या पुरवठ्याचं पाणी बराच वेळ वाहू द्या, संप आणि टाकी वर सांगितल्याप्रमाणे ब्लीचिंगने धुवा, आणि पुन्हा घेतलेले लागोपाठ दोन नमुने स्वच्छ येईपर्यंत पाणी उकळूनच प्या.