ईएम लॉक बसवताना या चुका टाळा

दार नीट धरत नाही म्हटलं की पहिला आरोप लॉकवर येतो. खरं तर ईएम लॉकमध्ये, म्हणजे चौकटीवरच्या विद्युतचुंबकाने दारावरची लोखंडी प्लेट धरून ठेवणाऱ्या लॉकमध्ये, बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. घोळ बहुतेक वेळा बसवण्यात असतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दारावरची लोखंडी प्लेट करकचून आवळणं. मधल्या बोल्टवर रबरी वॉशर घालून ती किंचित हलती ठेवायची असते, तरच चुंबकाला सपाट चिकटते. एका ऑफिसात 600 पौंडी (म्हणजे तेवढा जोर पेलणारं) लॉक खांद्याच्या धक्क्याने उघडायचं. लॉक बदललं, सप्लाय बदलला, शेवटी 1200 पौंडीची ऑर्डर निघाली. रबरी वॉशर मात्र डब्यातच पडून होता! वॉशर घातला, बोल्ट थोडा सैल केला आणि त्याच 600 पौंडी लॉकने दार धरलं. बसवल्यावर प्लेटची कड बोटाने दाबून पाहा. ती डुलली पाहिजे.

उरलेली लॅन केबल वापरून लॉकला सप्लाय देण्याचा शॉर्टकट तर बंदच व्हायला हवा. लॉक 12 व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेतं. 24 गेजच्या एका जोडीचा 30 मीटरवर जाऊन-येऊन रोध 5 ओहम, म्हणजे लॉकपाशी जेमतेम 10 व्होल्ट पोचतात. मीटर सप्लायवर नको, लॉक चालू ठेवून त्याच्याच टर्मिनलवर लावा. 1 चौरस मिमीची वायर ओढली की हा प्रश्न मिटतो.

लॉकच्या टर्मिनलवर 1एन4007 डायोड (लॉक बंद होताना उसळणारा उलटा व्होल्टेज जिरवणारा भाग) लावा, त्याच्यावरचा पट्टा प्लसकडे. तो नसला की रिलेचे (लॉकची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) काँटॅक्ट जळतात, कार्ड वाचणारा रीडर मधूनच हँग होतो. काही रुपयांच्या भागासाठी कंजुषी कशाला?

रिले आतच असलेला कीपॅड बाहेर लावू नका. स्क्रू काढून दोन वायरींशी खेळलं की दार उघडतं. बाहेर फक्त रीडर, दार उघडायचं की नाही ते ठरवणारा कंट्रोलर आत.

बनवणाऱ्या कंपनीने घालून दिलेला मास्टर कोड पहिल्याच दिवशी बदला.

साधी 125 किलोहर्ट्झची कार्डं सहज कॉपी होतात. तिजोरीच्या खोलीला ती नकोत.

आणि आतून दार उघडायचा एक्झिट स्विच नुसता कंट्रोलरला जोडून मोकळे होऊ नका. कंट्रोलर हँग झाला तर माणसं आत अडकतील. लॉकचा सप्लाय थेट तोडणारं इमर्जन्सी बटण आतल्या बाजूला हवंच, फायर पॅनलचा (आगीच्या अलार्मच्या यंत्रणेचा) रिलेही त्याच लाइनमध्ये. काम सोपवण्याआधी मेन बंद करून, बॅटरीवर, दोन्हींनी दार सुटतं का ते बघा. वीज गेली तरी बॅटरी लॉक धरूनच ठेवते, हे घाईत विसरलं जातं.