बास्केटबॉलवर टेनिस बॉल: ही उसळी येते कुठून?

बास्केटबॉलवर टेनिस बॉल ठेवून दोन्ही एकत्र खाली सोडायचे, की वरचा उंच उडतो. नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’साठी हा प्रयोग पाच मिनिटांत दाखवून होतो, पण तयारीला वीस मिनिटे हाताशी ठेवा. सुमारे 600 ग्रॅमचा बास्केटबॉल, 58 ग्रॅमच्या आसपासचा टेनिस बॉल, कार्डशीट, सेलोटेप, मोजपट्टी आणि कडक फरशी लागते. सतरंजीवर करून उपयोग नाही.

आधी बास्केटबॉल एकटाच 50 सेमीवरून सोडा. उंची तळापासून मोजा. तो निदान 30 सेमी उसळायला हवा. ‘धप्प’ वाजून बसला तर हवा भरा. आकडा फळ्यावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रयोग फसतो तो बहुतेक एकाच कारणाने: वरचा चेंडू मध्यावरून सरकतो आणि तिरका सुटतो, थेट पहिल्या बाकाकडे. त्यासाठी कार्डशीटची 7 सेमी आतल्या व्यासाची, 5 सेमी उंच नळी करा. खालच्या कडेला काप देऊन ते बाहेर दुमडा आणि बास्केटबॉलवर चिकटवा. टेनिस बॉल आत सैल बसावा. घासला तर उसळी मरते. बास्केटबॉल दोन तळव्यांत धरून दोन्ही हात एकदम बाजूला घ्या. गिरकी द्यायची नाही.

पंखा बंद ठेवा. 50 सेमीवरून टेनिस बॉल फरशीपासून जवळपास 2 मीटरवर जातो. 1 मीटरवरून सोडलात तर छतच गाठेल, ते मैदानात करा. चढ मोजताना बास्केटबॉलच्या व्यासाचे 24 सेमी वजा करायला विसरू नका.

पुस्तकी हिशेब 9 पट उंची सांगतो: वेग तिप्पट, उंची वेगाच्या वर्गात. पण त्यात खालचा चेंडू अतिजड आणि टक्कर पूर्ण लवचिक धरलेली असते. याच वस्तुमानांना, काही न गमावता, 7 पट मिळेल. प्रत्यक्षात साडेतीनच्या आसपास. फळ्यावर आधीच 9 लिहू नका, मुलांना प्रयोग फसला असे वाटते.

सगळे वर बघत असतात, म्हणून एका मुलाला फक्त खालचा चेंडू मोजायला बसवा. मोबाइलचे स्लो मोशन असेल तर उत्तमच. एकटा 33 सेमी उसळणारा बास्केटबॉल आता जेमतेम 15 सेमी उठतो: त्याची काही ऊर्जा टेनिस बॉलकडे गेली, उसळी येते ती इथून. पडताना दोघांची मिळून सुमारे 3.2 ज्यूल ऊर्जा होती. वर जाताना टेनिस बॉलकडे सुमारे 1, बास्केटबॉलकडे 0.9. उरलेली चेंडूंच्या दबण्यात उष्णता होऊन आणि थोडी आवाजात गेली.