मोजणी शिकवायची तर अष्टा-चंग मांडा

पाहुण्यांपुढे एक ते शंभर घडाघडा म्हणणाऱ्या पोरासमोर सात चिंचोके ठेवा आणि पाच मागा. बरीचशी मुलं सगळेच उचलून देतात. पाठांतर वेगळं, मोजणी वेगळी. म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलासाठी तक्ते नि ॲपं बाजूला ठेवा आणि अष्टा-चंग हा पटावरचा खेळ मांडा.

फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखा. चारी बाजूंच्या मधल्या घरांवर आणि केंद्रावर फुली. चार अर्धे चिंचोके घ्या. जितके पांढरे पडतील तितकं दान. चारही पांढरे म्हणजे चंग, चारही काळे म्हणजे अष्टा, म्हणजे आठ. बाहेरची 16 घरं, मग उलट दिशेने आतली 8, मग केंद्र. सुरुवातीला प्रत्येकी एकच सोंगटी, एकमेकांच्या सोंगट्या मारणं नको.

गाडी अडते ती चालीत. दान तीनचं पडलं की मूल सोंगटी उभी आहे त्याच घराला 'एक' म्हणतं आणि दोनच घरं पुढे जातं. त्याचं तरी काय चुकलं? इंदूरच्या राजवाड्यासमोर मजले मोजताना तळमजल्याला 'एक' म्हणायला आपणच शिकवलं. वस्तू पहिलीपासून मोजायच्या, चाल पुढच्या घरापासून, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. 'नीट लक्ष देऊन मोज' हा सल्ला तर अगदीच फुकटचा. मूल लक्ष देऊनच मोजत असतं.

मी नाना उपाय केले, टिकला तो जिन्याचा. मुलाला जिन्याखाली उभं करून 'तीन पायऱ्या चढ' म्हणा. जमिनीवर उभं राहून कुणी 'एक' म्हणत नाही. पायरीवर पाय पडला की आकडा. लगेच पटापाशी या. सोंगटी उचलताना तोंड बंद, टेकवली की 'एक'. घासत न्यायची नाही म्हणजे नाही. नाहीतर आकडे पुढे पळतात, सोंगटी मागे राहते. आणि पोर 'दो' म्हणालं तरी चाल अडवू नका, इथे इंदुरात गल्लीत सगळे हिंदीतच मोजतात.

हे बसलं की पुन्हा राजवाड्यावर चला. खालचे 3 मजले दगडी, वरचे 4 लाकडी. दगडी तीन पुन्हा मोजायचे नाहीत; त्यांच्यापुढे चार, पाच, सहा, सात.

अष्टा न चुकता चालता आला की दुसरी सोंगटी द्या. आता कोणती हलवू हे ठरवायला मूल हात न लावता, नुसत्या नजरेने घरं मोजू लागतं. त्याला वेळ लागतो. शेजारी बसलेल्या आजोबांनी उत्तर सांगायचं नाही, एवढं आधीच बजावून ठेवा.