'टुडे मॉर्निंग वॉटर विल नॉट कम' : इंग्रजीतल्या या चुका टाळा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत नोटीस लावण्याआधी ती "जरा नजर टाका" म्हणून माझ्याकडे येते. परवाची अशी होती : 'ड्यू टू टँक इज क्लीनिंग, टुडे मॉर्निंग वॉटर विल नॉट कम.' मी दुरुस्त करेपर्यंत सेक्रेटरींनी तीच लिफ्टजवळ चिकटवली. सगळ्यांनी बादल्या भरल्या, म्हणजे नोटिशीचं काम झालं. पण हेच इंग्रजी नोकरीच्या अर्जात गेलं की पंचाईत.

'टँक इज क्लीनिंग' म्हणजे टाकी कमरेला पदर खोचून स्वतःच साफसफाईला लागलीय. ती धुतली जातेय, म्हणून 'इज बीइंग क्लीन्ड'. शिवाय 'ड्यू टू'नंतर अख्खं वाक्य येत नाही, नाम येतं : 'ड्यू टू टँक क्लीनिंग'. वाक्यच लिहायचं असेल तर 'बिकॉज' घ्या.

यातल्या बऱ्याच चुका व्याकरण न शिकल्यामुळे होत नाहीत. डोक्यात मराठी वाक्य तयार असतं, त्याला आपण इंग्रजी शर्ट चढवतो. 'आईला विचारलं' यातला 'ला' सुटत नाही, म्हणून 'आस्क्ड टु मदर'. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ हर'. 'पाण्याबद्दल चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट वॉटर'. आस्क, टेल, मॅरी, डिस्कस या क्रियापदांना मध्ये दलाल लागत नाही : 'आस्क्ड मदर', 'मॅरीड हर'. 'से'ला मात्र लागतो : 'सेड टु मी', पण 'टोल्ड मी'.

'डिडन्ट वेंट'चंही तेच. मराठीत 'गेलो नाही' म्हणताना 'गेलो' भूतकाळातच राहतो. इंग्रजीत भूतकाळाचं ओझं 'डिड'ने उचललं की 'गो' मोकळा.

'आय ॲम लिव्हिंग इन मुलुंड सिन्स टेन इयर्स' हे मुंबईत रोज ऐकू येतं. आपला 'पासून' दोन्हीकडे चालतो, 2015 पासून आणि दहा वर्षांपासून. इंग्रजीत जिथून सुरुवात झाली तिथे 'सिन्स', आणि ज्याच्यापुढे 'झाली' म्हणता येतं (दहा वर्षं झाली, दोन तास झाले) तिथे 'फॉर'. क्रियापदही बदलतं : 'आय हॅव बीन लिव्हिंग'.

वेळेच्या बाबतीत इंग्रजी स्वतःच लहरी आहे. 'टुमारो मॉर्निंग' चालतं, 'यस्टरडे मॉर्निंग'ही चालतं, पण 'टुडे मॉर्निंग' नाही. तिथे 'धिस मॉर्निंग'. काल रात्री म्हणजे 'लास्ट नाइट'. कारण विचारू नका, पाठ करा.

'अ' की 'ॲन', याचं उत्तर मात्र आपल्या बाराखडीत आहे. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. एमएलए 'ए'ने सुरू होतो, म्हणून 'ॲन एमएलए'. तसंच 'ॲन एसटी बस', 'ॲन एफआयआर', 'ॲन अवर'. युनिव्हर्सिटीच्या स्पेलिंगात पहिला स्वर दिसतो, पण तोंडातून 'य' निघतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. आणि 'अ वन-वे', कारण तिथे 'व' आहे. कानावर भरवसा ठेवायचा, स्पेलिंगवर नाही. 'द' इतका सरळ नाही : 'द गेटवे ऑफ इंडिया' बरोबर, 'द अरेबियन सी' बरोबर, पण 'द दादर' कोणी म्हणू नये.

काही शब्दांना मी लाल पेन लावत नाही. 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या कोशात आहे आणि सोयीचाही आहे. 'कझिन ब्रदर'ला हसतात, पण आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ आणि त्या सगळ्यांच्या बहिणी या भाषेने एकाच 'कझिन'मध्ये कोंबल्यात, तर आपण निदान भाऊ की बहीण एवढं तरी सांगतो. अर्जात मात्र नुसतं 'कझिन' लिहा. 'आउट ऑफ स्टेशन' ब्रिटिशांच्या छावण्यांच्या काळातलं आहे. मुंबईत ते ऐकलं की मला माणूस दादर स्टेशनबाहेर वडापाव खात उभा दिसतो.

आणि 'नेटिव्ह प्लेस'. जन्म परळचा, शाळा परळची, नोकरी परळची, तरी विचारलं की उत्तर येतं 'रत्नागिरी'. 'होमटाउन' लिहिलं तर परळ लिहावं लागेल, आणि मग गणपतीला कुठे जायचं?