आलेख हलवण्याआधी काय हलणार नाही ते ठरवा

डेटावर काम करायला लागलं की केव्हा ना केव्हा ही गरज पडतेच. दर महिन्याचा किंवा दर वर्षाचा एक, असे बरेच आलेख तयार असतात आणि ते एका हलत्या चित्रात दाखवायचे असतात. पायथनमध्ये यासाठी दहा-पंधरा ओळी पुरतात, म्हणून नवे लोक थेट लूप लिहायला घेतात. मी शिकवायला बसतो तेव्हा आधी कागद पुढे करतो आणि या चित्रात काय काय हलणार नाही, ते लिहायला सांगतो.

यामागे कारण आहे. मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथनमधलं आलेख काढण्याचं साधन, प्रत्येक आलेख सुटा काढतं. अक्षाची मर्यादा तुम्ही दिली नाहीत, तर त्या फ्रेममधले (हलत्या चित्रातल्या एका सुट्या चित्रातले) आकडे पाहून ते ती स्वतःच ठरवतं. एका फ्रेममध्ये उभा अक्ष १० पर्यंत जातो, पुढच्या एखाद्या फ्रेममध्ये ४० पर्यंत, आणि रेषा दोन्हीकडे साधारण तेवढीच उंच दिसते. आकडा चौपट झाला तरी पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून आधी सगळ्या डेटाचं किमान आणि कमाल काढा आणि प्रत्येक फ्रेमला तीच मर्यादा द्या. हीटमॅप (आकडे रंगछटांनी दाखवणारा आलेख) असेल तर व्हीमिन आणि व्हीमॅक्स, म्हणजे रंगपट्टीची खालची आणि वरची मर्यादा, ठरवून देणं त्याहून महत्त्वाचं. अक्षावरचे आकडे बदलले तर निदान लुकलुकताना दिसतात, पण रंगांचा अर्थ गुपचूप बदलतो.

एड हॉकिन्स या हवामानशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये केलेलं जागतिक तापमानाचं चक्राकार अॅनिमेशन नीट पाहा. १८५० पासूनची रेषा महिन्यामहिन्याने फिरत बाहेर सरकते. १.५ आणि २ अंश तापमानवाढ दाखवणारी वर्तुळं मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागची हलत नाहीत. ती स्थिर आहेत म्हणूनच रेषा त्यांच्याकडे सरकताना पाहून धास्ती वाटते. मला हे आजवरच्या उत्तम उदाहरणांपैकी एक वाटतं.

आता प्रत्यक्ष काम. मॅटप्लॉटलिबमधलं अॅनिमेशन बनवणारं फंकअॅनिमेशन वापरून सगळं एकाच झटक्यात करता येतं, पण सुरुवातीला मी प्रत्येक फ्रेम वेगळी पीएनजी म्हणून साठवायला सांगतो. मधलीच एखादी फ्रेम बिघडली तर तेवढीच उघडून पाहता येते. फाइलच्या नावात ००१, ००२ असे शून्य लावलेले क्रमांक द्या, कारण अक्षरक्रमाने लावल्यावर १० हा २ च्या आधी येतो आणि जानेवारीनंतर थेट ऑक्टोबर दिसतो. साठवताना कडेची रिकामी जागा कापणारा 'टाइट' पर्याय टाळा. लेबलची लांबी बदलली की चित्राचा आकार दोन-चार पिक्सेलने बदलतो. मग जोडणारं साधन अडून बसतं किंवा सगळा आलेख थरथरतो. प्रत्येक फ्रेम साठवून झाली की आकृती बंद करा. वीसपेक्षा जास्त उघड्या राहिल्या की मॅटप्लॉटलिब इशारा देतं, आणि मेमरी भरत जाते ती वेगळीच. पुढे फंकअॅनिमेशनकडे वळाल तेव्हा तयार झालेलं अॅनिमेशन एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर पायथन ते बिनकामाचं समजून काढून टाकतं आणि पडद्यावर काही हलतच नाही.

फ्रेम जोडायला पिलो किंवा इमेजआयओ ही पायथनमधली चित्रं हाताळणारी साधनं पुरे. इमेजआयओत एक खाच आहे: जीआयएफसाठी (हलत्या चित्राच्या फाइलचा एक प्रकार) फ्रेमचा वेळ जुन्या आवृत्त्यांत सेकंदांत द्यायचा, नव्यांत मिलिसेकंदांत. जुन्या उदाहरणातला ०.२ हा आकडा तसाच उचलला तर चित्र भलत्याच वेगाने पळतं. साठवताना लूप हा पर्याय शून्य ठेवला की अॅनिमेशन अखंड फिरत राहतं.

जीआयएफ हा प्रकार १९८७ चा आहे आणि त्याचं वय जाणवतं. एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात. रेषा आणि स्तंभांना तेवढे भरपूर झाले, पण हीटमॅपमधल्या हळुवार छटांचे पट्टे पडतात. एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या साधनाला आधी चित्रांवरून रंगांचं पॅलेट बनवायला लावलं तर बराच फरक पडतो. जीआयएफमध्ये फ्रेमची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजली जाते, पण एक शतांश दिला तर बहुतेक ब्राउझर तो दहा शतांश धरतात. तुम्ही वेग वाढवायला जाता आणि चित्र उलट मंदावतं. तसाही एवढा वेग आलेखाला नको असतो. वाचायचा आलेख सेकंदाला पाच ते दहा फ्रेमपेक्षा जलद पळवू नये, असं माझं ठाम मत आहे. शेवटची फ्रेम मात्र दोन-तीन सेकंद थांबवा, कारण लोकांना निकाल तिथे वाचायचा असतो. वर्ष किंवा महिना एकाच कोपऱ्यात, ठळक लिहा.

फ्रेम शेकड्यांत गेल्या की जीआयएफ फाइल अवजड होते. मग एमपी४ व्हिडिओ करा. त्यासाठी चित्राची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये सम संख्या ठेवा, कारण सर्वत्र चालणाऱ्या नेहमीच्या रंगपद्धतीत विषम आकार आला की एफएफएमपेग काम नाकारतं.