अमेरिकेत समर कॅम्पला काउन्सेलर (मुलांना सांभाळणारे ताई-दादा) म्हणून जायचंय?

आधी कागदपत्रांचं सांगते. जे-१ व्हिसात (अमेरिकेचा एक्स्चेंज प्रोग्रॅमचा व्हिसा) कॅम्प काउन्सेलर अशी वेगळी कॅटेगरी आहे, वय किमान १८ हवं, इंग्लिश चांगलं यायला हवं आणि काम जास्तीत जास्त ४ महिने. स्पॉन्सर संस्थेमार्फतच जावं लागतं, ती डीएस-२०१९ फॉर्म (या व्हिसासाठी पात्र असल्याचं प्रमाणपत्र) देते, मग व्हिसा इंटरव्ह्यू, आपल्याला मुंबईत बीकेसीला, अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये.

पण खरी कसोटी रात्रीची असते. दिवसभर पोहणं, खेळ यात पोरं रमतात आणि लाइट बंद झाले की एखाद्याला घर आठवतं, तेव्हा "रडू नको" म्हणू नका प्लीज, शेजारी बसा, घरी कोण कोण आहे ते विचारा, आईला पत्र लिहायला बसवा, बऱ्याच कॅम्पमध्ये मुलांकडे फोन नसतोच. "नाही करमलं तर घरी पाठवू" असं प्रॉमिस मात्र चुकूनही देऊ नका, मग पोरगं तेवढीच वाट बघत बसतं. सकाळी त्याला एखादं काम द्या, नाश्त्याचं टेबल लावणं वगैरे, खूप फरक पडतो.

आणि ॲलर्जीची यादी पहिल्याच दिवशी पाठ करा. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते, त्यामुळे घरून दिलेली चिक्की आणि दाण्याची चटणी बॅगेत नकोच.